एकच गाठ उरली होती

रानात मोहाची फुलं पडायला लागली की आमच्याकडची माणसं हळवी होतात. गडचिरोलीच्या बसस्टँडवर उतरलेली बाई नाक वर करून हवा हुंगते आणि म्हणते, "सुरू झाला वाटते." शाळेच्या स्टाफरूममध्ये कोणीतरी घरचे मोहाचे लाडू आणतं, मग ज्याला त्याला आपलं गाव आठवतं. मला राग येतो. होळीच्या मागंपुढं तो गोड, जड वास खिडकीतून आत आला की माझं डोकं फिरतं. घरातले आता ओळखून आहेत. या दिवसांत माझ्याशी कोणी वाद घालत नाही.

यंदा त्या रागात भर पडली. शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती आणि परीक्षक म्हणून मला बसवलं होतं. विषय होता, 'मानवजात हिंसा आणि द्वेष यांच्या पलीकडे जाऊ शकेल काय?' मुलं एकामागून एक आली, तर्जनी वर केली आणि जाऊ शकेल म्हणून सांगून गेली. शिक्षणानं, विज्ञानानं, प्रेमानं. दूरदेशीच्या लढाया झाल्या, बॉम्ब झाले. चिमूरचे हुतात्मेही झाले. सगळी हिंसा टीव्हीत, नाहीतर पुस्तकात. स्वतःच्या गावाचं नाव एकानंही घेतलं नाही. मी गुण देत होते आणि बाहेरून मोहाचा वास येत होता. मानवजात नावाची बाई मी कधी पाहिलेली नाही. मी मैनाकाकी पाहिली आहे.

मैनाकाकी आमच्या घरासमोर राहायची. नवरा लवकर गेलेला, मूल नाही. आवाज असा की नदीवरून हाक मारली तर गावात ऐकू यावी. हसायची ते तोंडावर हात न ठेवता, सगळे दात दाखवून. कोणी टोचून बोललं तर जागच्या जागी परत करायची, मग समोर गावातला मोठा माणूस असो की त्याचा बैल. आम्हा पोरींना ती फार आवडायची. आमच्या मायांना तिची जरा भीतीही वाटायची, पण मोहाच्या दिवसांत सगळ्या तिच्याच मागं मागं जंगलात शिरायच्या. जंगलात वाघ असतो, आणि खाली वाकून फुलं वेचणाऱ्या बाईला मागचं दिसत नाही. मैनाकाकी मधून मधून मोठ्यानं ओरडायची, "अवो, हाय का सगळ्या?" आणि झाडाझाडाखालून उत्तर यायचं, "हाओ!"

इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मोहाची झाडं जंगलात असली तरी बेवारशी नसतात. हे झाड अमकीच्या सासूचं, ते तमकीचं, हे बायकांच्या डोक्यात पक्कं असतं. हंगाम लागायच्या आधी जी ती बाई आपल्या झाडाखाली जायची, पालापाचोळा झाडून जमीन स्वच्छ करायची आणि सगळ्यात खालच्या फांदीला गवताची पेंढी पिळून गाठ मारायची. या झाडाखाली कोणीतरी येणार आहे, तू तुझ्या झाडाकडं जा, एवढाच त्या गाठीचा अर्थ. कोणी मोडायचं नाही. गाठ पाहून झाड कोणाचं ते मला सांगता यायचं. माझ्या मायची गाठ दुहेरी, घट्ट. शेजारच्या शेवंताची घाईतली, सैल. मैनाकाकीची मात्र गवताची नसायची. ती जुन्या लुगड्याचा काठ फाडून बांधायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "गवत अर्ध्या मोहातच तुटते पोरी. चिंधी टिकते."

पुरुषांना यातलं काही माहीत नव्हतं. मोह वेचणं बायकांचं काम. पुरुषांचा मोहाशी संबंध यायचा तो संध्याकाळी, तोही पेल्यातून. बायको पहाटे उठून कुठल्या झाडाखाली जाते, ते झाड ओळखते कशी, हे विचारायचं कोणाच्या मनातही आलं नसेल. या न विचारण्यातूनच सगळं झालं.

त्या वर्षी शेवंताची मुलगी तापानं फणफणली. नुकती चालायला लागलेली पोर. दवाखाना लांब होता हे खरं, पण मांत्रिक त्याहून लांब होता आणि तिला आधी त्याच्याकडं नेलं हेही खरं. पोर गेली. शेवंता भिंतीला डोकं आपटून घ्यायची, ते मी आमच्या अंगणातून पाहत होते. मग मांत्रिक गावात आला. कोंबडं घेतलं, तांदूळ टाकले आणि म्हणाला, "कोनं तरी बांधलं हाय. जंगलात जा, गाठ भेटल. जिची गाठ, तिनंच खाल्ली पोट्टी." शेवंताचा सासरा गावातला वजनदार माणूस. त्यानं सांगितलं, उद्या सकाळी सगळे पुरुष जंगलात जातील आणि गाठ शोधतील.

जंगलात तर झाडागणिक गाठ होती.

ही बातमी विहिरीवर आली तेव्हा दुपार होती. मी मायसोबत होते. दोर ओढता ओढता बायांचे हात थांबले. कोणी कोणाकडं पाहिलं नाही. दिवेलागणीच्या सुमारास गावातल्या सगळ्या बायांना एकदमच सरपण आठवलं. माय गेली तशी शेजारची गेली, पलीकडची गेली. परत आल्या तेव्हा कोणाच्याच डोक्यावर मोळी नव्हती. मायच्या मुठीत पिळलेलं गवत होतं. ते तिनं चुलीत टाकलं आणि फुंकणीनं जाळ केला. मी म्हटलं, "माय, हे तं आपल्या झाडाचं..." ती म्हणाली, "चूप बस." त्या दिवशी तिनं भाकरी करपवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुरुषांनी जंगल पालथं घातलं आणि त्यांना एकच गाठ सापडली. हिरव्या काठाची चिंधी. मैनाकाकीच्या झाडाची.

पुढचं मी फार सांगणार नाही. तिला चावडीपुढं ओढत आणलं. केस कापले. सगळ्यांचा प्रश्न एकच होता, आणि तो फार बिनतोड होता. "जंगलात एकाबी झाडाले गाठ नाई. मंग तुह्याच झाडाले काऊन?" बाया कडेनं उभ्या होत्या. त्यांच्यातल्या कोणीही, एकीनंही, तोंड उघडून म्हणायचं होतं की बाबांनो, गाठ तर आम्ही सगळ्याच मारतो. एवढं एक वाक्य. कोणाचंही नाव न घेता मैनाकाकीनं एकदा सगळ्यांच्या तोंडाकडं पाहिलं, एकेक करून. मी मायच्या मागं उभी होते. मायनं माझे डोळे झाकले, पण कान झाकायला तिला हात पुरले नाहीत. दगडानं दात पाडले की मंत्राची ताकद जाते म्हणे. ते हसरे, सगळे दिसणारे दात.

ज्याच्या हातात दगड होता त्यानं मला पोहायला शिकवलं होतं. पोटाखाली हात धरून, "भिऊ नको, मी हाओ ना" म्हणत. तो पुढंही तसाच राहिला, गावातल्या प्रत्येक आजाऱ्याला खाटेवर घालून सडकेपर्यंत नेणारा. मुलांच्या भाषणात द्वेष करणारे लोक वेगळेच कोणी असतात. मला तसं वेगळं कोणी भेटलं नाही याचा मला संताप आहे. भेटलं असतं तर किती सोपं झालं असतं.

मैनाकाकी तोंडाला पदर लावून सडकेकडं चालत गेली आणि बसनं चिमूरला, बहिणीच्या लेकीकडं. पोलीस आले. कोणी काही पाहिलेलं नव्हतं. चिमूरचं नाव निघालं की आमच्याकडं छाती फुगते. इंग्रजाच्या बंदुकीपुढं उभी राहिलेली माणसं इथली. मग आमच्या गावातली एवढी माणसं मांत्रिकाच्या तांदळापुढं कशी आडवी झाली? साहेबाला हाकलायला जिगर लागते म्हणतात. शेजारणीच्या बाजूनं उभं राहायला त्याहून जास्त लागत असावी, नाहीतर आमच्यात ती कुठंतरी दिसली असती.

त्यानंतरच्या हंगामात जंगलात एकाही झाडाला गाठ नव्हती. कोणी बंदी घातली नाही, कोणी चर्चा केली नाही. बायांनी आपोआप सोडून दिलं. मग झाड कोणाचं यावरून भांडणं लागायला लागली. आधी शिव्या, मग झिंज्या. एका वर्षी दोन सख्खे भाऊ बायकांच्या मोहाच्या झाडापायी कुऱ्हाडी घेऊन एकमेकांवर धावले आणि एकाचा हात कायमचा लुळा झाला. आणि मैनाकाकीचं झाड? पहिल्या वर्षी त्याला कोणी शिवलं नाही. फुलांचा खच पडून कुजला, अस्वलांनी खाल्ला. दुसऱ्या वर्षी शेवंताच्या घरच्यांनी वेचायला सुरुवात केली. सगळ्यात भरघोस पडणारं झाड ते, सोडवलं नाही. चेटकीण वाईट, तिचा मोह गोड. या एका गोष्टीवर मी गेली कित्येक वर्षं दात खाते आहे.

आणि मायवर. माय आता माझ्याकडं गडचिरोलीत असते. मी तिचे गुडघे चेपते, औषधं देते, तिला आवडतं म्हणून आंबाडीची भाजी आणते. पण मोह पडायला लागला की मला तिच्या मुठीतलं ते गवत दिसतं. तू तुझी गाठ सोडलीस, ठीक आहे, घाबरलीस. समोरच्या घरात जाऊन मैनाकाकीला एक शब्द का नाही सांगितलास? पंचवीस पावलं नव्हती मध्ये. हा प्रश्न मी तिला कधीच विचारला नाही. उत्तर ऐकून तिचे गुडघे चेपता येतील की नाही, याची मला खात्री नव्हती.

स्पर्धेच्याच आठवड्यात चिमूरहून फोन आला. मैनाकाकीची भाची, कुठूनतरी माझा नंबर मिळवून. "ताई, मावशी आयकूनच नाई राह्यली. एकदा आपल्या झाडाखाली बसून मोह वेचाचा हाय म्हणते. मी कशी नेऊ? कोनी काई केलं तं?" माय पलंगावर बसून ऐकत होती. मी फोन ठेवला तशी म्हणाली, "मलेबी ने."

मैनाकाकी आता एवढीशी झाली आहे. दात नाहीत म्हणून शब्द ओले, पसरट येतात. हसताना ती तोंडावर हात ठेवते. गाडीत दोघी म्हाताऱ्या मागच्या सीटवर शेजारी शेजारी बसल्या. मग मैनाकाकीनं विचारलं, "पाय दुखते काय वो, अनसा?" माय म्हणाली, "दुखते." "माहेबी दुखते." गाव येईपर्यंत एवढंच बोलणं झालं.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन कोवळं होतं आणि बाया झाडाझाडाखाली होत्या. मैनाकाकीच्या झाडाखाली शेवंताच होती. तीही आता पिकली आहे. मुलगा मोहर्लीला जिप्सी चालवतो, पर्यटकांना वाघ दाखवतो. सोबत सून, खाली हिरवी जाळी अंथरलेली, जाळीवर पिवळट फुलांचा सडा. शेवंतानं मैनाकाकीला पाहिलं आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढला. आसपासच्या बाया हळूहळू जवळ आल्या. सुनेनं विचारलं, "ह्या कोन?" मला वाटलं, आता इथून काहीतरी फेकलं जाईल. मी मैनाकाकीच्या पुढं जाऊन उभी राहिले.

तेवढ्यात मागून मायचा आवाज आला. "शेवंता, हे झाड मैनाबाईचं हाय."

"मालूम हाय मले," शेवंता म्हणाली.

माय काठी टेकत पुढं आली. तिला दम लागला होता. "त्या साली माह्याबी झाडाले गाठ होती," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "गावातल्या सगळ्या बायाइच्या झाडाले होती. पुरुषाइले मालूम नव्हतं. आमी सांजच्याले येऊन सोडल्या. म्हणून हिची एकटीची राह्यली." तरुण बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. त्यांना गाठ म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. माय थांबली नाही. "शेवंता, तुह्यीबी होती. तू तं पोरीचं सुतक असून आली होती."

शेवंता जाळीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "होती."

सून सासूकडं पाहत राहिली. मी मात्र मायकडं वळले, आणि इतक्या वर्षांचं सगळं त्या बायांदेखत माझ्या तोंडून बाहेर पडलं. "मग हिला का नाही सांगितलंस? समोर राहायची ना! सगळ्या चोरासारख्या आल्यात, आपापली गाठ सोडून गेलात, आणि हिला मरायला ठेवलंत?" माझा आवाज चिरकला.

उत्तर दिलं ते मैनाकाकीनं. "सांगतलं होतं पोरी. आली होती थे माह्या घरी. मैनाबाई, गाठ सोड म्हणे."

मी तिच्याकडं वळले. "मग?"

"मंग काय? माह्यं झाड होतं. मी कोनाचं काई केलं नाई. मी काऊन सोडू?"

तिनं हे इतकं सहज सांगितलं की जणू कालच कोणी तिला विचारलं होतं. मग ती मायकडं वळली. रागानं नाही, पण सोडूनही न देता म्हणाली, "अनसा, तू मले 'तुह्यी सोड' म्हणाले आली होती. 'मीबी नाई सोडत' असं म्हणाले नाई आली. मी दारात उभी राहून तुही वाट पाह्यली त्या दिवशी. परत येशीन म्हणून."

मायच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. मला तिची दया आली आणि रागही तेवढाच राहिला, दोन्ही एकदम. माझ्या पाकिटात अजून त्या स्पर्धेच्या गुणांचा कागद होता. तिथं व्यासपीठावर सगळी मानवजात पलीकडं जाऊन पोचली होती. इथं एक बाई त्या दिवशी एकटीच जाऊन उभी राहिली होती. तिच्या मागं कोणी आलं नाही, आणि एवढी वर्षं मी तिला गाफील समजत होते.

मैनाकाकीनं पदराचा काठ दातांऐवजी हिरड्यांत धरला आणि ओढला. फाटेना. भाची ओरडली, "मावशी, नवं हाय थे!" तिनं ऐकलं नाही. शेवटी मीच जोर लावला. चिंधी निघाली तशी ती काकीनं खालच्या फांदीला बांधली आणि मायला म्हणाली, "तुह्यं झाड थे पलीकडचं. चाल, मार गाठ." मायला वाकून गवत उपटता येईना. मी उपटून दिलं, फांदी खाली धरली. वाकड्या बोटांनी तिनं पेंढी पिळली, दुहेरी फिरवली आणि ओढून घट्ट केली. बाकीच्या बाया बघत उभ्या होत्या. एकीनंही हात हलवला नाही.

मैनाकाकी शेवंताकडं वळली. "तुह्यं कोनतं, शेवंता? थे चढावरचं ना?"

शेवंतानं चढाकडं पाहिलं. मग अगदी हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं तिनं विचारलं, "गाठ मारली अन् माह्या नातवाले बुखार आला तं?"

चेष्टा नव्हती ती. ती खरोखर विचारत होती. तिच्या कमरेला मोबाईल होता, मुलाची जिप्सी होती, गावापर्यंत डांबरी सडक होती, आणि पोटात तीच जुनी भीती जशीच्या तशी बसलेली होती. माझ्या अंगाची आग आग झाली. मी काहीतरी भयंकर बोलणार होते.

"तं दवाखान्यात ने त्याले," मैनाकाकी म्हणाली. "सीधा दवाखान्यात. जंगलात गाठ पाहाले येऊ नको."

एवढं बोलून तिनं शेवंताची जाळी एका हातानं बाजूला सारली, आपल्या झाडाखाली फतकल मारून बसली आणि मोह वेचायला लागली.